कुणाचे तेल, कुणाचा दिवा

गेल्या वर्षीच्या रमजानमधली गोष्ट. दोन दिवसांसाठी खालाकडे मुक्कामाला गेलो होतो. मराठवाड्यातले तालुक्याचे गाव. सहरीला अजून अर्धा तास होता आणि लाईट गेली. स्वयंपाकघरात खाला मेणबत्ती शोधू लागल्या, मी मोबाईलची टॉर्च लावून मधल्या खोलीत गेलो. तिथे माझा मावसभाऊ, खालांचा धाकटा मुलगा, लॅपटॉपसमोर बसला होता. तो जन्मापासून अंध आहे. एका कानात इअरफोन, बोटे कळफलकावर, आणि लॅपटॉपची स्क्रीन काळीकुट्ट.

मला वाटले, याला कळलेच नाही की लॅपटॉप बंद पडलाय. म्हणालो, "अरे, बॅटरी संपली वाटतं तुझी."

तो हसला. "चालू है भाईजान. साठ टक्के है."

मी शिक्षक माणूस, मदतीची खोड. पुढे वाकून ब्राइटनेसची कळ दाबू लागलो. त्याने माझा हात हळूच बाजूला केला. "नक्को करो. लाईट तुमच्यासाठी लागते, आणि बॅटरी माझी जाते."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. सुट्टीत घरी आल्यावर त्याच्याशी फोनवर पुष्कळ बोललो, जमेल तेवढे वाचले. त्यातून जो इतिहास हाती लागला तो आज तुमच्यासमोर मांडतो. विषय वरवर किरकोळ वाटेल. अंध माणसाच्या संगणकाची स्क्रीन चालू असावी की बंद, एवढाच प्रश्न आहे. पण या प्रश्नापायी एका मुलाचा पेपर गेला आहे. तेही पुढे सांगतो.

अंधारातले वाचन

अंध माणसाच्या वाचनाला उजेड लागत नाही, ही गोष्ट जगाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. बगदादच्या मुस्तनसिरिया मदरशात जैनुद्दीन आमिदी नावाचे एक अंध विद्वान होते. १३व्या शतकाची अखेर आणि १४व्याची सुरुवात हा त्यांचा काळ. ते पुस्तकांचा व्यापारही करत. सफदी या १४व्या शतकातल्या चरित्रकाराने नामवंत अंधांच्या चरित्रांचा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात त्यांची हकीकत येते. पुस्तक विकत घेतले की आमिदी पातळ कागदाची बारीक वात वळत, तिला अक्षराचा आकार देत आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवत. उर्दू शिकलेल्यांना अब्जद माहीत आहे. प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. ते अक्षर म्हणजे पुस्तकाची किंमत. पुढे कधी किंमत आठवली नाही तर बोट फिरवून ते सांगत. दिवा नको, दुसऱ्याचे डोळे नकोत.

त्यानंतर सुमारे पाच शतकांनी फ्रान्समध्ये लुई ब्रेल झाले. जन्म १८०९. वडिलांचे खोगीर आणि चामड्याचे सामान बनवण्याचे दुकान, तिथल्या हत्याराने लहानपणीच डोळा गेला आणि मग दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. शार्ल बार्बिए यांनी उठावाच्या ठिपक्यांची एक लिपी तयार केली होती, तिला ‘रात्रलेखन’ असे नाव पडले. नावातच अंधार आहे. बार्बिए यांच्या लिपीत बारा ठिपके होते, एका बोटाखाली ते मावत नसत. ब्रेल यांनी ते सहावर आणले आणि १८२९ साली आपली पद्धत छापून प्रसिद्ध केली.

आमच्यासारख्या उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला यात एक गंमत दिसते. पाटी आणि टोचणी घेऊन ब्रेल लिहिताना कागद मागून टोचावा लागतो, म्हणून लिहिणारा उजवीकडून डावीकडे जातो, उर्दूसारखा. कागद उलटला की वाचणारा डावीकडून उजवीकडे जातो, मराठीसारखा. आणि उर्दू ब्रेलसुद्धा डावीकडूनच वाचतात. ज्या दोन दिशांवरून आमच्या वर्गात रोज गोंधळ होतो, त्या त्या सहा ठिपक्यांनी गुण्यागोविंदाने नांदवल्या आहेत. या पाटीला ना वात लागते ना बॅटरी.

संगणकाला स्क्रीन कधी आली?

आज संगणक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्क्रीनच येते. पण सुरुवातीचे संगणक उत्तर कागदावर छापून देत. १९६०च्या दशकात अमेरिकेत अंध प्रोग्रामर कामाला लागले होते. काही ठिकाणी साध्या छपाईयंत्राच्या कागदामागे मऊ पट्टी लावत आणि पूर्णविरामाच्या ठोक्यांनी कागदावर उठावाचे ठिपके पाडत. झाले ब्रेल! यंत्र तेच, उत्तर फक्त बोटांना कळेल असे.

मग स्क्रीन आली आणि उत्तर काचेमागे गेले. तरी त्या काळातल्या डॉस संगणकांत एक सोय होती. स्क्रीनवर ८० रकाने आणि २५ ओळी असत, आणि कोणत्या घरात कोणते अक्षर आहे याची नोंद संगणकाच्या स्मृतीत असे. ती नोंद वाचून आवाजाच्या यंत्राला दिली की अक्षरे कानावर पडत. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. आयबीएम कंपनीत जिम थॅचर यांनी असा प्रोग्राम तयार केला, तो १९८६ साली बाजारात आला. अमेरिकेतले टेड हेंटर मोटरसायकल शर्यतपटू होते. १९७८ साली अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांनी १९८७ साली भागीदारासोबत कंपनी काढली आणि १९८९ साली डॉससाठी ‘जॉज’ आणला. आजही नोकरीतले कितीतरी अंध लोक जॉजवर काम करतात.

नाव ‘स्क्रीन रीडर’ असले, तरी तो काच वाचत नव्हता, काचेमागची नोंद वाचत होता. काच काळी असली तरी त्याचे काही अडत नसे. त्या काळच्या टेबलावरच्या संगणकाचा मॉनिटर वेगळा असे, त्याचे बटण वेगळे असे. अंध माणूस ते बटण बंद करून खुशाल काम करू शके.

१९८७ साली तर स्क्रीनच नसलेला छोटा संगणक आला. ‘ब्रेल अँड स्पीक’ त्याचे नाव, डीन ब्लेझी यांच्या कंपनीने केलेला. वर ब्रेलच्या सहा कळा आणि एक मोकळ्या जागेची कळ, आत चार्ज होणारी बॅटरी आणि बोलणारा आवाज. खांद्याला अडकवून वर्गात न्यायचा, टिपणे काढायची. त्यात एकही दिवा डोळसांसाठी जळत नव्हता.

काच पुन्हा मध्ये आली

नंतर चित्रांचा जमाना आला. खिडक्या, चिन्हे, माउसचा बाण. आता स्क्रीनमागे अक्षरांची सरळ नोंद राहिली नाही, नुसते रंगाचे ठिपके उरले. अंध लोकांच्या नोकऱ्यांवर गदा येते की काय अशी भीती पसरली. ‘बर्कली सिस्टम्स’ या कंपनीने १९८९ साली मॅकिंटॉशसाठी ‘आउटस्पोकन’ आणले, चित्रांच्या स्क्रीनवर चालणारा पहिला स्क्रीन रीडर. त्याच कंपनीने त्याच साली ‘आफ्टर डार्क’ नावाचा स्क्रीनसेव्हरही काढला, आणि त्यातले उडते टोस्टर जगभर गाजले. म्हणजे एकाच छताखाली एक माणूस स्क्रीनशिवाय काम कसे चालेल याचा विचार करत होता, तर दुसरा, कुणी पाहत नसताना स्क्रीनवर काय नाचवावे याचा! नाव आणि पैसा कुणी जास्त कमावला हे सांगायला नको.

या काळात एका पुणेकराने वेगळा रस्ता धरला. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. गणिताची किचकट समीकरणे कानाला समजतील अशी कशी बोलावीत, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५ साली त्यांनी ‘इमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे साधे होते. आधी माहिती डोळ्यांसाठी स्क्रीनवर मांडायची आणि मग त्या मांडणीतून आवाज काढायचा, हा वळसा कशाला? प्रोग्रामला माहिती ठाऊक असतेच, ती थेट कानाला सांगावी.

मला हे वाचताना अनुवादाची आठवण झाली. उर्दू कथा आधी इंग्रजीत करायची आणि मग इंग्रजीतून मराठीत आणायची, तसला तो वळसा. दरम्यान जे सांडते ते सांडतेच.

पण बहुतेकांच्या हाती आले ते विंडोज आणि लॅपटॉप. आणि लॅपटॉपने एक गोष्ट गुपचूप केली. जो मॉनिटर वेगळ्या बटणाने बंद करता येत होता, तो बिजागरीने कळफलकाला जोडून टाकला. दोघांची बॅटरी एक झाली.

काळी स्क्रीन आणि विझलेला दिवा

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, कारण अनेक जण, अंध आणि डोळस दोघेही, इथेच फसतात.

आपल्या बहुतेक लॅपटॉपची स्क्रीन एलसीडी प्रकारची असते. या स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो. मागे एक दिवा असतो आणि पुढचा थर त्याचा उजेड कुठे सोडतो, कुठे अडवतो. स्क्रीन काळी दिसते तेव्हा थराने उजेड अडवलेला असतो, मागचा दिवा तसाच जळत असतो. खिडकीला जाड पडदा लावला म्हणून खोलीतला बल्ब विझत नाही, तसे. ओएलईडी स्क्रीनची गोष्ट निराळी. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो, काळा ठिपका म्हणजे खरोखर विझलेला दिवा.

आता ‘स्क्रीनचा पडदा’ या सोयीकडे येऊ. ॲपलने २००५ साली मॅकमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हा स्क्रीन रीडर आतच घालून दिला आणि २००९ साली आयफोनमध्ये. काचेवर बोट फिरवायचा गुळगुळीत फोन अंधांना कसा वापरता येईल, असे सारे म्हणत होते, आणि तोच त्यांच्या हातात सर्वांत जास्त रुळला. व्हॉइसओव्हर चालू असताना तीन बोटांनी तीनदा टकटक केली की स्क्रीन काळी होते आणि फोन चालू राहतो. विंडोजसाठी ‘एनव्हीडीए’ नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो २००६ साली लिहायला घेतला, जेम्स टेह हे त्यांचे तितकेच अंध मित्र पुढच्या वर्षी सोबत उभे राहिले. माझ्या भावासारख्या मुलांच्या हाती संगणक आला तो या मोफत प्रोग्राममुळे. त्यात पडद्याची सोय २०२० साली आली.

पण एनव्हीडीएचा हा पडदा चित्र काळे करतो, एलसीडीच्या मागचा दिवा विझवत नाही. त्याचा उपयोग खासगीपणासाठी आहे, आणि तो मोठा उपयोग आहे. एसटीत शेजारी बसलेल्याने तुमचे बँकेचे खाते वाचले तर तुम्ही त्याच्याकडे रागाने पाहाल. अंध माणसाला कळतसुद्धा नाही की कुणी वाचते आहे. आपल्याकडे सिनेमाचाही पडदा आणि खिडकीचाही पडदा, शब्द एकच. एक दाखवायला, एक झाकायला. अंध माणसाला पहिल्याचा उपयोग नाही, दुसऱ्याचा आहे.

बॅटरी वाचवायची तर दिवाच मंद करावा लागतो. भावाने सांगितलेली रीत अशी. ब्राइटनेस शून्यावर आणायचा. ‘अमुक मिनिटांनी स्क्रीन बंद करा’ या सेटिंगवर विसंबायचे नाही, कारण कळ दाबली की स्क्रीन पुन्हा पेटते आणि आपण तर सतत टाईप करत असतो. झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ असे सेटिंग ठेवायचे, मग झाकण मिटून, बाहेरचा छोटा कळफलक जोडून काम करता येते. वर पडदाही टाकायचा, म्हणजे उरलेल्या अंधूक उजेडात कुणी डोकावायला नको. आणि एनव्हीडीएची कळ, शिफ्ट आणि बी एकत्र दाबले की बॅटरी किती उरली ते आवाज सांगतो.

"आवाजाला बॅटरी लागत नाही का?" मी विचारले.

"लागती ना. पण दिव्यापुढे ती काय!"

जादा वेळ मिळाला, बॅटरी नाही

आता तो पेपर.

भाऊ पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होता. लेखनिकाऐवजी संगणकावर उत्तरे लिहायची परवानगी त्याने मिळवली होती. लॅपटॉप परीक्षा केंद्राचा, जुना. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळत असे. तीन तासांचा पेपर चार तासांचा झाला. दुसऱ्या तासाला लाईट गेली. भावाने पर्यवेक्षकांना विनंती केली, सर, ब्राइटनेस शून्यावर आणू का? ते म्हणाले, "मग तू काय करतोस ते मला कसं दिसणार?" नियमाने त्यांचे चूक नव्हते, लक्ष ठेवणे त्यांचे कामच. स्क्रीन भर उजेडात राहिली. पर्यवेक्षक दोनदा येऊन डोकावून गेले. त्या दोन डोकावण्यांसाठी दिवा सलग जळत होता. शेवटचे दोन प्रश्न बाकी असताना आवाज थांबला.

"पडदा काळा झाला का पांढरा, मला काय माहीत," तो सांगत होता. "कान गप झाले, तेव्हा समजलं."

त्या विषयात तो राहिला. पुढच्या खेपेला पास झाला, पण एक वर्ष त्या विषयाचे ओझे त्याच्या मानेवर राहिले.

हे ऐकून मला राग आला आणि मग लाज वाटली. कारण इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पर्यवेक्षणाचे कितीतरी तास उभा राहिलो आहे. माझ्यासमोर एखाद्या मुलाने स्क्रीन काळी केली असती, तर मीही हेच म्हटले असते. बीएडला आम्हाला विशेष गरजा असलेल्या मुलांवर एक प्रकरण होते, त्यावर मी उत्तर लिहून गुणही मिळवले. पण अंध मुलाला वेळ जास्त द्यायचा तर त्या जादा वेळाची वीज कुठून येणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही, मलाही सुचला नाही. ज्याला वेळ जास्त लागतो त्याच्याच यंत्राला सर्वांत जास्त तास टिकायचे असते. आणि त्याच्याच यंत्रातला दिवा त्याच्या काही कामाचा नसतो.

एक खुलासा मात्र करायला हवा. अंध म्हणवली जाणारी सगळीच माणसे पूर्ण अंधारात नसतात. अनेकांना थोडे दिसते. त्यांना भरपूर ब्राइटनेस लागतो, मोठी अक्षरे लागतात, काहींना काळ्यावर पांढरी अक्षरे बरी पडतात. त्यांची बॅटरी आपल्यापेक्षाही लवकर संपते. म्हणून उद्या कुणा शिक्षकाने हा लेख वाचून सगळ्या मुलांच्या स्क्रीन मंद करून टाकल्या, तर ती नवी चूक होईल. विचारावे लागते. "तुला स्क्रीन लागते का?" एवढा प्रश्न पुरतो. आणि देखरेखच करायची असेल, तर त्याच्या आवाजाला दुसरा इअरफोन जोडून ऐकता येते. डोळ्यांनीच पाहिले पाहिजे असे थोडेच आहे.

सहरीची अजान

त्या पहाटेकडे परत येतो. मी टॉर्च विझवली आणि त्याच्याजवळ अंधारात बसलो. इअरफोनमधून बारीक आवाज येत होता, इतका भरभर की मला एक शब्द कळेना. तो मात्र ऐकत होता, मध्येच थांबून दुरुस्त करत होता.

मला हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची आठवण झाली. मदिनेत रमजानच्या पहाटे हजरत बिलाल (रजि.) यांची अजान रात्र असतानाच होई. लोकांनी खाणेपिणे थांबवायचे ते इब्ने उम्मे मकतूम यांच्या अजानीवर. ते अंध होते. पहाट झाली, असे लोक सांगत तेव्हा ते अजान देत. उजेड ज्यांना दिसत नव्हता, त्यांच्या आवाजावर सारे शहर उजाडल्याचे मानत होते. लहानपणापासून ही गोष्ट आपण ऐकतो, त्यांच्या मोठेपणाची म्हणून ऐकतो. त्या रात्री मला त्यात दुसरी बाजू दिसली. मदिनेच्या लोकांनी त्यांना उजेड दाखवायचा हट्ट धरला नाही. त्यांना हवे तेवढे, हवे त्या रीतीने सांगितले, आणि पुढचे काम त्यांच्यावर सोपवले.

खालांनी हाक मारली. भावाने तीन कळा एकत्र दाबल्या, कान देऊन ऐकले, आणि म्हणाला, "अठ्ठावन्न. तुम्ही टॉर्च लावून आलात तेव्हापासून दोनच गेले."

मग त्याने झाकण मिटले आणि अंधारातून मला हाताला धरून स्वयंपाकघराकडे नेले.